‘माफ कर’ म्हणायचा अधिकार कुणाचा?

वाचकाचं पत्र

मी एका गोदामात दहा-बारा वर्षं कामाला आहे. गेल्या आठवड्यात आमच्या मुकादमानं एका नव्या पोराच्या कानाखाली मारली. पोरगा एकोणीस वर्षांचा. थप्पीतली चार खोकी त्याच्या हातून पडली, एवढंच निमित्त. एक थप्पड, मग दुसरी, खाली पडल्यावर लाथ. मी दहा फुटांवर होतो. आम्ही पंधरा-वीस जण होतो, कुणी हललं नाही.

आता आमच्यातली तरणी पोरं म्हणतायत, मुकादमाला घरी जाताना रस्त्यात गाठायचं आणि हातपाय मोडायचे. मी मध्ये पडलो. लहानपणापासून मी अहिंसा मानत आलोय, मारानं मार थांबत नाही असं त्यांना सांगितलं. तर म्हणाले, ‘तू हातात बांगड्या भर.’ त्या पोरालाही समजावलं की मुकादम मुळात वाईट नाही, त्याच्या डोक्यावर वरून दबाव असतो, तू मोठ्या मनानं माफ करून टाक. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. मालक म्हणतात, आपसात मिटवा. मुकादम रोज त्याच जागी उभा असतो. मला रात्री झोप लागत नाही. मी अहिंसा पाळतोय की नुसता घाबरतोय? आणि दया करायची तर न्यायाचं काय करायचं?

— एक वाचक

उत्तर

नमस्कार.

आधी तातडीचं. त्या मुलाला अजून कुणी डॉक्टरकडे नेलं नसेल, तर पुढचं नंतर वाचा, आधी त्याला घेऊन जा. उघड्या तळहाताची थप्पड नेमकी कानावर बसली की नळीतली हवा एकदम दाबली जाते आणि पडदा फाटू शकतो. कानात गुणगुण होते, दडा बसल्यासारखं वाटतं, कमी ऐकू येतं. लहान छिद्र बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरून येतं. त्याच्यासाठी हे चांगलंच, पण ते भरलं की मार लागल्याची खूणही जाते. म्हणून तपासणी आजच. इजा कशी झाली हे डॉक्टरांना खरं सांगायचं, ‘पडलो’ म्हणायचं नाही, आणि त्यांनी ते तारखेसह कागदावर लिहिलंय ना, हे तिथून निघायच्या आधी बघायचं. तोवर कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, मनानं कुठलेही थेंब घालायचे नाहीत. लाथ कुठे बसली हे तुम्ही लिहिलेलं नाही. पोटात किंवा कुशीत बसली असेल आणि दुखणं वाढत असेल, लघवीतून रक्त जात असेल, तर डॉक्टरकडे न्यायला तासाचाही उशीर करू नका.

आता तुमचं. तुम्ही दोन कामं केलीत आणि दोन्हींना अहिंसा हे एकच नाव दिलंत. पोरांना अडवलंत ते बरोबर केलंत. त्या मुलाला ‘माफ कर’ म्हणालात, ते चुकलं, आणि मला वाटतं तुमची झोप त्यामुळेच उडालीय.

मार त्यानं खाल्ला. अपमान त्याचा झाला, तोही ज्यांच्याबरोबर रोज काम करायचं त्यांच्या देखत. माफ करायचं की नाही, केव्हा करायचं, कुठल्या अटीवर करायचं, हे सगळं त्याचं. तुम्ही ते परस्पर ठरवून टाकलंत. आणि केव्हा? मुकादमानं चूक कबूल करायच्या आधी, मालकानं साधी चौकशी करायच्या आधी. त्या मुलाच्या जागी उभं राहून ऐकून बघा. मार बसत होता तेव्हा ही सगळी माणसं गप्प होती, आणि नंतर तोंड उघडलं ते मुकादमाला बोलायला नाही, मलाच समजवायला. तो तुमच्याशी बोलत नाही याचं मला नवल वाटत नाही. मोठ्या मनाची अपेक्षा बहुतेक वेळा ज्याच्या हातात ताकद कमी त्याच्याकडूनच केली जाते. मुकादमाला तुम्ही म्हणालात का, की मोठ्या मनानं माफी माग?

हे वाचणाऱ्यांत कुणी असं असेल, की ज्याला किंवा जिला रोज घरातच मार खावा लागतो, त्यांच्यासाठी इथेच एक वाक्य. या पानावरचं करुणेचं सगळं बोलणं तुम्ही सुरक्षित जागी पोचल्यानंतरचं आहे, त्या आधीचं नाही. मारणाऱ्याचं मन समजून घेण्यासाठी त्याच्या हाताच्या टप्प्यात थांबायची काही गरज नसते.

माफीचा विषय निघालाय तर मीर आलमची हकीकत सांगते. १९०८ सालची, जोहान्सबर्गमधली. तिथल्या भारतीय लोकांवर लादलेल्या सक्तीच्या नोंदणीविरुद्ध लढा चालू होता आणि गांधीजींनी सरकारशी तडजोड केली होती. लोकांनी आपणहून नोंदणी करायची, मग सरकार कायदा मागे घेईल, अशी त्यांची समजूत होती. काही पठाणांना ही सरळसरळ फितुरी वाटली. १० फेब्रुवारीच्या सकाळी गांधीजी नोंदणी कचेरीकडे निघाले, तेव्हा त्यांचाच जुना अशील मीर आलम वाटेत भेटला. ‘कुठे निघालात?’ असं त्यानं विचारलं. गांधीजी उत्तर देतायत तोवर मागून डोक्यात दांडा बसला. ते पडल्यावरही मार चालूच राहिला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी मीर आलम कुठे आहे हे विचारलं, त्याला पकडलंय असं कळल्यावर सोडून द्या म्हणाले, आणि त्याच्यावर खटला भरू नये म्हणून सरकारला तारही केली.

सांगणारे बहुधा इथवरच सांगतात. पुढचं मला जास्त कामाचं वाटतं. मीर आलम सुटला, पण भर रस्त्यात झालेला हल्ला हा काही गांधीजींच्या घरचा मामला नाही, अशी तक्रार शहरातल्या गोऱ्यांनी केली. त्याला पुन्हा धरलं, गांधीजींची साक्ष न घेताच खटला चालला आणि तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, सरकारनं शब्द पाळला नाही म्हणून लोकांनी नोंदणीच्या दाखल्यांची होळी केली. त्या सभेत मीर आलमनं आपलं चुकलं असं सगळ्यांसमोर सांगितलं आणि स्वतःचा दाखला जाळायला पुढे केला.

गांधीजींनी माफ केला तो स्वतःच्या डोक्यात बसलेला दांडा. दुसऱ्याच्या डोक्यात बसलेला दांडा त्यांनी दुसऱ्याच्या वतीनं माफ केला नव्हता. आणि बघा, ज्याला लागलं त्यानं माफ केलं, कायद्यानं शिक्षा केली, आणि माणूस शेवटी बदलला, हे तिन्ही एकाच माणसाच्या बाबतीत सहा-सात महिन्यांत घडलं. दया करायची तर न्यायाचं काय, असं तुम्ही विचारता. तुम्ही दोघांना एकाच खुर्चीसाठी भांडायला लावलंय. दया माणसावर असते, न्याय त्यानं केलेल्या कृत्याचा होतो. मुकादमाचा मनात द्वेष न ठेवता त्याच्याविरुद्ध लेखी तक्रार करता येते. मी तर म्हणेन, द्वेष नसेल तर तक्रार जास्त नेमकी लिहिली जाते.

आता घाबरण्याचं. त्या दिवशी तुम्ही घाबरलात, हो. समोर अचानक मारहाण सुरू झाली की पाय जमिनीला चिकटतात, तोंडातून शब्द फुटत नाही, हे शरीराचं काम आहे. त्याला अहिंसाही म्हणू नका आणि भित्रेपणाही म्हणू नका. ठरतं ते नंतरच्या दिवसांत. भ्याडपणा आणि हिंसा यांतलंच एक निवडायची वेळ आली तर मी हिंसा निवडायला सांगेन, असं गांधीजींनी १९२० साली स्पष्ट लिहिलं होतं, आणि अहिंसेचं नाव घेऊन गप्प बसणाऱ्या प्रत्येकानं ते एकदा तरी स्वतःला ऐकवावं. मग मला सांगा, पोरांना अडवल्यानंतर तुम्ही काय केलंत? मालकाकडे गेलात? मुकादमाला तोंडावर काही बोललात? पत्रात तसं कुठे दिसत नाही. मुकादमाच्या बाजूनं हिशोब मांडला तर असं निघतं: त्यानं एका पोराला मारलं, त्याचं काहीही झालं नाही, आणि जे होणार होतं तेही तुम्ही थांबवलंत. त्याला याहून काय हवंय? मार अडवणं हा अहिंसेचा अर्धा भाग झाला. अन्याय अडवणं हा उरलेला अर्धा, आणि तो तसाच पडलाय. रिकाम्या हातानं का होईना, त्या माणसाच्या दिशेनं एक पाऊल टाकावं लागतं. ते टाकलंत की घाबरता की नाही हा प्रश्न तुम्हाला छळणार नाही. घाबरतच टाका, चालेल.

पोरांना नीतीचे धडे देऊ नका. त्यांचा राग ही त्या गोदामातली सध्याची एकमेव निरोगी गोष्ट आहे. पंधरा-वीस जणांत ‘हे चालणार नाही’ म्हणाले ते तेवढेच. हे त्यांना आधी तुमच्या तोंडून ऐकू द्या. मग सांगा की रस्त्यात गाठलं तर काय होईल. त्या क्षणापासून थपडेची गोष्ट संपेल आणि ‘कामगारांनी मुकादमाला मारलं’ ही गोष्ट सुरू होईल. फिर्यादीत पोरांची नावं असतील आणि त्या मुलाच्या कानाबद्दल कुणी विचारणारही नाही. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौऱ्याला जमाव खवळला त्याआधी पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली होती. पण जमावानं ठाणं पेटवलं, २२ पोलीस मेले, आणि आज विचारलं तर लोकांना आठवते ती आग. गांधीजींनी देशभरचा लढा थांबवला, आणि खालच्या कोर्टानं १७२ जणांना फाशी सुनावली. अपिलात आकडा खाली आला, तरी १९ जण फासावर गेले. ठोशास ठोसा देताना पहिला ठोसा कुणाचा होता हे मागाहून पटवून देत बसावं लागतं, आणि तेवढा वेळ गरीब माणसाला कुणी देत नाही.

‘बांगड्या भर’ म्हणणाऱ्याला माझ्यातर्फे एवढं सांगा, की १९३० साली धारासण्याच्या मिठागरावर लोक रांगेनं पुढे जाऊन डोक्यावर लाठ्या झेलत होते आणि एकही हात वर उचलला जात नव्हता, तेव्हा त्यांचं नेतृत्व सरोजिनी नायडू करत होत्या.

आणि हे सगळं साधुसंतांचं, प्रत्यक्षात चालत नाही, असं कुणी म्हटलं तर एक आकडेवारी आहे. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या अभ्यासक बायकांनी १९०० ते २००६ या काळातले ३२३ लढे तपासले. सशस्त्र लढ्यांपैकी साधारण चौथा हिस्सा यशस्वी झाला, अहिंसक लढ्यांपैकी निम्म्याहून थोडे जास्त. ते राजवटी उलथवण्याचे मोठे लढे होते, तुमचं गोदाम नव्हे, आणि अहिंसक असूनही जवळजवळ निम्मे फसले हेही त्यातच आलं. मी हमी देत नाही.

आता पाऊल कसं टाकायचं ते.

सगळ्यात आधी त्या मुलाकडे जा. सफाई द्यायला नको, मुकादमाचा विषयही नको. एवढंच म्हणा: ‘त्या दिवशी मी जवळ होतो आणि हललो नाही. वर तुलाच माफ करायला सांगितलं, ते सांगणं माझं काम नव्हतं. पुढे काय करायचं ते तू ठरव. तक्रार करायची असली तर पहिली सही माझी.’ तो लगेच बोलेल अशी अपेक्षा ठेवू नका. तो म्हणेल, मला काही नको, मी नोकरी सोडतो. तसं म्हणाला तर त्याला लढवय्या बनवायच्या भानगडीत पडू नका. दुसरीकडे काम शोधायला मदत करा आणि राहिलेले पैसे निघतील ते बघा. तो पोलिसांत जायचं म्हणाला तर अडवू नका, बरोबर जा. अहिंसा म्हणजे पोलिसांत न जाणं, हा गैरसमज कुणी पसरवलाय कोण जाणे.

तो तक्रारीला तयार असेल, तर पोरांच्या हाताला काम आलं. ज्यानं ज्यानं पाहिलं त्यानं वेगवेगळं बसून आपापल्या हातानं लिहायचं. एकमेकांचं बघून नको. जे डोळ्यांनी दिसलं तेच. ‘मुकादम क्रूर आहे’ हे मत झालं. ‘मुकादमानं उजव्या हातानं डाव्या कानावर दोनदा मारलं, तो खाली पडला, मग बुटानं लाथ मारली, मी वजनकाट्यापाशी उभा होतो’ ही साक्ष झाली. रागानं थरथरणाऱ्या विशीतल्या पोराला असं नेमकं लिहायला बसवलं की त्याचा राग जिरत नाही, पण त्याला धार येते. मग सगळ्यांची मिळून एक तक्रार, त्या मुलानं आधी वाचून हो म्हटलेली. मागण्या थोड्या ठेवा: चौकशी लेखी व्हावी, ती पूर्ण होईपर्यंत या मुलाचं काम मुकादमाच्या हाताखाली नसावं, आणि इथून पुढे कुणी कुणावर हात उचलला तर काय होणार हे भिंतीवर लिहून लागावं. सगळ्यांनी मिळून जायचं, प्रत द्यायची आणि पोच घ्यायची. तारीख आणि सहीची पोच नसेल तर दिलेला कागद दिलाच नव्हता असं समजा. उत्तराची मुदत त्यातच लिहा. मुदत टळली की कामगार कार्यालय, पोलीस, वकील, जे तुमच्या आवाक्यात असेल ते.

याची किंमत पडू शकते. काम जाऊ शकतं. कच्च्यावर असलेल्यांना ही भीती जास्त, म्हणून सह्या जुन्या माणसांपासून सुरू व्हाव्यात. तुमची दहा-बारा वर्षं इथे उपयोगी पडू देत.

‘कागद लिहून काय होतंय’ असं पोरं म्हणतीलच. त्यांना महाडचं सांगा. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले, पाणी प्याले, आणि त्यानंतर माघारी निघालेल्या लोकांवर गावात हल्ले झाले. मार खाल्लेल्यांत पलटणीत राहिलेली माणसं होती, त्यांना हात चालवता येत नव्हते असं मुळीच नाही. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. ते काही गांधीजींच्या अर्थानं अहिंसावादी नव्हते, आणि हात आवरले म्हणून हक्क सोडणाऱ्यांतलेही नव्हते. त्याच वर्षी डिसेंबरात ते पुन्हा महाडला उभे राहिले, तळ्याचा दावा कोर्टात लढले, आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूनं लागला. दहा वर्षं. तुमचं प्रकरण इतकं लांबायचं कारण नाही, पण पोरांना कळू दे की हात खाली ठेवणारा माणूस किती चिवट असू शकतो.

यापुढे हात उगारला गेला तर काय करायचं, हे मात्र आधीच ठरवून ठेवा, कारण त्या क्षणी कुणाला काही सुचत नसतं. इथे अमेरिकेतल्या नॅशव्हिलचं उदाहरण कामाला येईल. १९५० च्या दशकात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात काही वर्षं काढून गेलेले जेम्स लॉसन तिथे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे वर्ग घेत. वर्ग कसले, तालीमच ती. खुर्च्यांची रांग मांडायची, काहींनी उपाहारगृहात जेवायला बसल्यासारखं बसायचं, बाकीच्यांनी त्यांना शिव्या द्यायच्या, केस ओढायचे, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खुर्चीवरून खाली ओढायचं. बसलेल्यानं उलट मारायचं नाही, पळायचंही नाही. डोकं कसं झाकायचं, एकाला मार बसत असेल तर दुसऱ्यानं आपलं अंग मध्ये कसं घालायचं, हे पुन्हा पुन्हा घटवलं जाई. फेब्रुवारी १९६० मध्ये ही मुलं खरोखर गोऱ्यांसाठी राखलेल्या जागांवर जाऊन बसली. २७ तारखेला त्यांना मार बसला, अटकाही त्यांनाच झाल्या. एक तुकडी पोलिसांनी उचलली की दुसरी येऊन त्याच खुर्च्यांवर बसायची. शांत राहणं हा त्यांचा स्वभाव नव्हता, सराव होता.

तुम्हीही सराव करा, हसू आलं तरी. एकानं मुकादम व्हायचं, एकानं तो मुलगा. मुकादमाचा आवाज चढला की जवळच्या दोघांनी हातातलं काम ठेवून तिकडे चालत जायचं, धावत नाही. मुलाच्या बाजूला, थोडं पुढे उभं राहायचं. हात छातीशी, तळवे उघडे. बोट दाखवायचं नाही. मुकादमाला नावानं हाक मारायची, आवाज त्याच्याहून खाली ठेवायचा: ‘थांबा. हात नको. काय ते बोला.’ तिसऱ्यानं मुलाला तिथून बाजूला न्यायचं. उरलेल्या सगळ्यांनी काम थांबवून नुसतं येऊन उभं राहायचं, गप्प. घोषणा नको, शिवी नको. वीस माणसं गप्प उभी राहून बघत असताना दुसरी थप्पड मारणं फार अवघड जातं. त्या दिवशी तुम्ही वीसच होतात, फक्त जो तो आपल्या जागी होता.

मुकादमाबद्दल. त्याच्यावर दबाव आहे हे तुमचं म्हणणं मी खोटं धरत नाही. पण दबाव वरून येतो आणि हात पडतो तो खालच्याच्या अंगावर. मालकाच्या कानाखाली वाजवायचा मोह त्याला कधी झालेला नाही, म्हणजे हात आवरायची कला त्याला येते. म्हणून त्याची अडचण ही त्याची सबब होऊ देऊ नका. तिचा उपयोग मात्र करा. वेळेत गाड्या भरायच्या, माणसं अपुरी, ओरडा मुकादमाला, असं असेल तर तेही तक्रारीत यायला हवं. कारण हा मुकादम गेला आणि काम घ्यायची रीत तीच राहिली, तर नवा मुकादमही कुणाच्या तरी कानाखाली मारेल. हे त्याच्या बाजूचं कलम तक्रार करणाऱ्यांनी लिहिलंय हे त्याला दिसेल, तेव्हा तो काय करेल सांगता येत नाही, पण तुमची करुणा त्याला पहिल्यांदा कागदावर दिसेल.

तक्रार देण्याआधी त्याला सांगा. कुणाला तरी बरोबर घेऊन जा. पाठीमागून वार नको, मग तो कागदाचा का असेना. आणि त्याला आरोपी म्हणून न विचारता माणूस म्हणून एक प्रश्न विचारा. नॅशव्हिललाच १९ एप्रिल १९६० रोजी विद्यार्थ्यांच्या वकिलाच्या घरावर बॉम्ब पडला. त्याच दिवशी हजारो लोक मुकाट्यानं चालत नगरपालिकेवर गेले. महापौर बेन वेस्ट कामं आणि कायदे सांगायला लागले, तेव्हा २१ वर्षांच्या डायान नॅशनं त्यांना विचारलं, की केवळ वर्णावरून माणसाला वेगळं वागवणं तुम्हाला स्वतःला चूक वाटतं का. माणूस म्हणून मला ते चूक वाटतं, अशी कबुली त्यांनी दिली. तीन आठवड्यांनी, १० मे रोजी, त्या जागा सगळ्यांसाठी खुल्या व्हायला लागल्या. एका प्रश्नानं हे झालं, असं नाही. दुकानांवर कृष्णवर्णीयांचा बहिष्कार चालू होता, गल्ले रिकामे पडत होते. पण त्या माणसाला खरं बोलायला जागा त्या प्रश्नानं करून दिली. मुकादमाला विचारा, ‘तुमच्या पोराला कुणी असं मारलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?’ उत्तर आलं नाही तरी चालेल. वाद घालू नका, निघून या.

मालकांच्या ‘आपसात मिटवा’वर फार वेळ घालवत नाही. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट संपल्यावर १९९६ पासून सत्य आणि समेट आयोग बसला, तिथेही माफीची सोय होती, पण केलेलं सगळं खरं सांगितल्यावरच. सात हजारांवर अर्ज आले, माफी मिळाली ८४९ जणांना. मिटवायला आमची हरकत नाही, आधी काय झालं ते सगळ्यांसमोर आणि लेखी येऊ द्या, हे मालकांना सांगायला पुरे.

राहिला एक प्रश्न, जो तुम्ही विचारलेला नाही. हे सगळं करूनही दोन-तीन पोरं संध्याकाळी रस्त्यावर गेलीच तर? तर तुम्हीही जा आणि मुकादमाच्या पुढे उभे राहा. तुमच्या वयाचे आणखी दोघं बरोबर असू देत, एकटे जाऊ नका. पोरांना नावानं हाक मारा, तक्रारीतली त्यांची सही आठवून द्या. मुकादमाला आधी सावध करावं का, पोलिसांना कळवावं का, असं वाटलं तर दोन्हींचं उत्तर हो आहे, आणि कळवलंत हे पोरांपासून लपवू नका. शिव्या खाल. तक्रारीची मुदत संपली की त्याच पोरांबरोबर पुढच्या कचेरीत जायचंय, तेव्हा त्यांच्याशी बोलणं तोडू नका.